ब्लेचलीचा वाडा: मराठी ऑडिओ गाइडच्या नोंदी

22 सप्टेंबर 2024, रविवार

दर उन्हाळ्यात इथे मिल्टन कीन्समध्ये कुणाचे ना कुणाचे आई-बाबा भारतातून आलेले असतात. लंडन दाखवून होतं, ऑक्सफर्ड होतं, आणि मग उरतं घराजवळचं ब्लेचली पार्क, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश जिथे उलगडले ते. तिथलं दृश्यही ठरलेलं. मुलगी कानाला यंत्र लावून इंग्रजी ऐकणार, अर्धंमुर्धं कुजबुजत मराठीत सांगणार, बाबा मान हलवणार आणि आई बसायला बाक शोधणार. गेल्या खेपेला मीही हेच केलं. परत येताना गाडीत आई म्हणाली, "घर छान होतं गं, पण ते कुणाचं होतं?" मला लिऑन या आडनावापलीकडे काही सांगता आलं नाही.

म्हणून हे काम काढलंय. वीस मिनिटांचं मराठी ऑडिओ, सहा थांबे, फोनवर ऐकता येईल असं. आपल्यातल्या आपल्यात वाटायचं, विकायचं नाही. विषय घर. जर्मनांचं सांकेतिक यंत्र एनिग्मा कसं चालायचं, त्याचे संदेश फोडणारा गणितज्ञ ट्युरिंग कोण, यावर मराठीतही आता पुष्कळ ऐकायला मिळतं. त्या घराचं दीडशे वर्षांत काय काय झालं, हे मात्र मी कुठे ऐकलेलं नाही.

आई-बाबा गेल्या आठवड्यात पोचलेत, नोव्हेंबरच्या शेवटी परत जातील. तेच पहिले श्रोते.

28 सप्टेंबर, शनिवार

पहिली पाहणी. तिकीट वर्षभर चालतं, त्यामुळे आज नुसतं हिंडायचं ठरवलं होतं. स्टेशनापासून पायी पाच मिनिटं. फाटकातून आत गेलं की तळं, आणि तळ्यापलीकडे घर.

आई बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "हे एकानं बांधलंय की पाच जणांनी भांडून?"

खरं आहे. डावीकडे हिरवट पडलेला तांब्याचा घुमट, मधे किल्ल्यासारखे दातेरी कंगोरे, एका भागाला लाकडी पट्ट्यांची जुनी इंग्रजी तऱ्हा, दुसरीकडे डच धाटणीच्या वळणदार त्रिकोणी भिंती, दारात चोच असलेले दगडी सिंह. युद्धात इथे कामाला असलेला लँडिस गोरेस नावाचा अमेरिकन वास्तुविशारद या घराला रडवं आणि अक्राळविक्राळ धूड म्हणाला होता. आईचं वाक्य मला जास्त आवडलं. पहिल्या थांब्यात तेच वापरीन.

बाबांचं लक्ष दुसरीकडेच. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना भिंतीवरून गेलेल्या केबली आधी दिसतात. एका माहितीफलकापाशी ते थांबले. "जीपीओ म्हणजे इथलं पोस्ट-टेलिफोन खातं ना? युद्धानंतर त्यांची ट्रेनिंगं होती इथे?" होती, एवढंच मला ठाऊक होतं. "मग ते सांग की. ट्युरिंग काय, सगळेच सांगतात."

वहीत लिहिलं: थांबा 5, प्रशिक्षण. सध्या तरी तो नुसता जागा भरायचा थांबा वाटतोय.

29 सप्टेंबर, रविवार

दिवसभर एका शब्दावर अडकले. 'मॅनर'ला मराठीत काय म्हणायचं?

वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे चौक येतो. खोल्या आतल्या चौकाकडे तोंड करून, बाहेरून नुसती भिंत आणि दिंडी-दरवाजा. हे घर बरोब्बर उलटं आहे, सगळा थाट बाहेरच्या माणसाला दाखवायला आणि आत चौकच नाही. गढी म्हणावं तर बुरूज नाहीत. हवेली हा शब्द आपल्याकडे सिनेमातून येतो आणि बरोबर भूत घेऊन येतो. बंगला? आकाराने तो गरीब पडतो, शिवाय तो शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला, तो परत त्यांना चिकटवायचा म्हणजे गंमतच.

त्यातून मॅनर म्हणजे मुळात घर नव्हेच. तो जमिनीवरचा हक्क. गाव, शेतं, कुळं, त्यांचे वाद सोडवणारं न्यायालय, हे सगळं मिळून मॅनर, आणि त्या धन्याचं राहतं घर ते मॅनर हाउस. आपल्या भाषेत सांगायचं तर जहागीर आणि जहागीरदाराचा वाडा. काटेकोर बोलायचं तर ब्लेचली पार्कचं आजचं घर त्या अर्थाने मॅनर हाउस नाहीच, ते एका श्रीमंत माणसाने जुन्या जहागिरीच्या जमिनीवर उभं केलेलं हौसेचं घर आहे.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "वाडा म्हण. शाळा भरते, कचेरी भरते, लग्न लागतं आणि तरी नाव बदलत नाही, ते वाडा."

वाडा ठरला.

5 ऑक्टोबर, शनिवार

थांबा 1, तळ्याकाठी. पहिला खर्डा साडेपाच मिनिटांचा झाला, अडीचवर आणायचाय. आत्ता त्यात आहे ते असं:

1086 सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या जमीन-मोजणीत, ही जागा ईटनच्या मॅनरमध्ये येते. 1711च्या सुमाराला ब्राउन विलिस या इतिहासवेड्या जमीनदाराने इथे घर बांधलं. 1793मध्ये टॉमस हॅरिसनने जागा विकत घेतली आणि ते घर पाडून टाकलं. 1877मध्ये ऑक्सफर्डचा वास्तुविशारद सॅम्युअल सेकम याने ती घेतल्यावर 'ब्लेचली पार्क' हे नाव पहिल्यांदा पडलं. 1883मध्ये हर्बर्ट लिऑन आला.

ब्राउन विलिसपाशी मी रेंगाळले, कारण धागा सापडला. त्याचे आजोबा टॉमस विलिस म्हणजे मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, ज्याला डॉक्टर लोक 'सर्कल ऑफ विलिस' म्हणतात, त्यातले विलिस. भाऊ डॉक्टर आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "पहिल्या वर्षाला तोंडपाठ केलंय, पण त्याच्या नातवाचा वाडा होता हे कुणी शिकवलं नाही." ऑडिओत हे ठेवायचं. ऐकणाऱ्यांत दर चार घरांत एक डॉक्टर असतो.

6 ऑक्टोबर, रविवार

थांबा 2, दारातले सिंह. लिऑन.

लंडनचा शेअर दलाल, बक्कळ पैसा. 581 एकर घेतली. जागेवर आधी असलेल्या घराला जोड देत, मग त्या जोडाला जोड देत गेला. बकिंगहॅमहून लिबरल पक्षातर्फे खासदार झाला, 1891 ते 95. 1911मध्ये सर किताब, तोही वंशपरंपरागत. बायको फॅनी. दोघं प्रवासाला जायचे, कुठे काही आवडलं की घरात तसंच काहीतरी हवं व्हायचं, असं म्हणतात. आपल्याकडेही कोकणात मुंबईचा पैसा पाठवून बांधलेली घरं अशीच दिसतात: दर दिवाळीला एक बाल्कनी.

या थांब्यात मला एवढंच ठसवायचंय की हे घर तेव्हा घर होतं. पाहुणे, नोकर, घोडे, बिलियर्डची खोली, नाचाचा दिवाणखाना, झाडांचा भुलभुलैया. 1926मध्ये हर्बर्ट गेला, 1937मध्ये फॅनी. घर म्हणून या वाड्याचं आयुष्य पंचावन्न वर्षांच्या आत संपलं.

आईचा प्रश्न: "एवढ्या मोठ्या घराला स्वयंपाकघर कुठंय ते दाखवत नाहीत का?" उत्तर पुढच्या थांब्यात येतंय. हेरांनी घर घेतल्यावर पहिली चांगली सोय त्यांनी जेवणाचीच केली.

12 ऑक्टोबर, दसरा

सीमोल्लंघन म्हणून आज रेकॉर्डिंगचा मुहूर्त. कपाट उघडून कपड्यांत तोंड खुपसून बोलले, आवाज घुमत नाही. थांबा 1 झाला. दोन मिनिटं पन्नास.

संध्याकाळी थांबा 3ची सुरुवात लिहिली. फॅनी गेल्यावर वाडा आणि जमीन ह्युबर्ट फॉक्नर या स्थानिक बिल्डरच्या हाती गेली. त्याला घरात रस नव्हता. पाडायचं, प्लॉट पाडायचे, घरं विकायची. पुण्यातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मधे पडला तो हेरखात्याचा प्रमुख, अॅडमिरल ह्यू सिंक्लेअर. 1938मध्ये त्याने वाडा आणि भोवतालची 58 एकर जागा 6,000 पौंडांना घेतली. सरकारी खात्यांनी पैसे देण्यावरून एकमेकांकडे बोट दाखवलं तेव्हा त्याने ते खिशातून भरले, असं सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी, युद्ध सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच, तो वारला.

जागा का निवडली, हे मात्र मला फार आवडतं. त्यात वाड्याच्या सौंदर्याचा काहीही हात नाही. दाराशी जंक्शन होतं. लंडनहून उत्तरेला जाणारी मुख्य रेल्वे आणि ऑक्सफर्ड ते केंब्रिज आडवी जाणारी रेल्वे इथे एकमेकींना छेदायच्या, म्हणजे दोन्ही विद्यापीठांतले गणिती आणि भाषापंडित गाडी न बदलता येऊ शकत. रोमनांच्या काळचा वॉटलिंग रस्ता जवळ. आणि शेजारच्या फेनी स्ट्रॅटफर्डला टेलिफोनच्या मोठ्या केबलींचं रिपीटर स्टेशन, म्हणजे लांबून क्षीण होत आलेला आवाज वाढवून पुढे पाठवणारं ठाणं. बाबा खूश. "बघ. शेवटी आमच्यावरच अडतं."

19 ऑक्टोबर, शनिवार

थांबा 3 आणि 4 हे सगळ्यांत अवघड. लोक ज्यासाठी येतात ते हेच, आणि मला इथेच कमी बोलायचंय.

1938च्या सप्टेंबरात, म्युनिकचं संकट चालू असताना, म्हणजे हिटलरशी युद्ध पेटायच्या बेतात असताना, पहिली तुकडी आली. गावाला सांगायला सोंग घेतलं: कॅप्टन रिडली आपली मित्रमंडळी घेऊन शिकारीला आलेत. जेवणाला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा आचारी. संकट टळल्यावर मंडळी परत गेली आणि 1939च्या ऑगस्टमध्ये कायमची आली. संस्थेचं नाव गव्हर्नमेंट कोड अँड सायफर स्कूल. नावात शाळा, पण शिकवणं नाही.

मग वाड्याच्या खोल्या वाटल्या गेल्या. तळमजल्यावर आरमार, भूदल, वायुदल यांचे विभाग, टेलिफोन एक्स्चेंज, टेलिप्रिंटर, जेवणघर. वरच्या मजल्यावर हेरखातं. घुमटाजवळच्या पाण्याच्या टाकीच्या खोलीत रेडिओ. हेरखात्याचं ते दहावं केंद्र, रोमन आकड्यात एक्स, म्हणून 'स्टेशन एक्स'. लोकांना वाटतं एक्स म्हणजे गूढ. ती नुसती क्रमसंख्या आहे.

हे सगळं वाड्यात मावलं फार तर काही महिने. मग हिरवळीवर लाकडी बराकी उठल्या, त्यांना हट म्हणत: 6, 8, 3, 4. त्यानंतर विटा-काँक्रीटच्या इमारती. लिऑनचा भुलभुलैया गेला, तिथे टेनिस कोर्टं आली. युद्ध संपायला आलं तेव्हा जवळपास नऊ हजार माणसं पाळ्यांत काम करत होती, चारांतल्या तीन बायका. वाडा तोवर मुख्य कचेरी होऊन बसला होता, खरं काम मागच्या शेडांत. कारखान्याच्या मालकाच्या बंगल्यासारखं.

थांबा 4 तबेल्यापाशी. चौक असलेली एकमेव जागा, इथे 'वाडा' शब्द शोभतो. चौकाला लागून नोकरांची छोटी घरं, त्यांतल्या एकात संदेश फोडणारे डिली नॉक्स आणि काही काळ ट्युरिंग बसत. 1940च्या जानेवारीत ब्रिटिशांनी युद्धातले पहिले एनिग्मा संदेश उलगडले ते या नोकरांच्या घरात, दिवाणखान्यात नव्हे. ते शक्य झालं पोलिश गणितज्ञांनी आधीच रस्ता पाडून दिला होता म्हणून. रेयेव्स्की, रुझित्स्की, झिगाल्स्की. त्यांचं स्मारक याच चौकात आहे, लोक त्याला पाठ टेकून फोटो काढतात.

शेजारी कबुतरखाना. रेडिओ, टेलिप्रिंटर, आणि कबुतरं. आईने कबुतरांबद्दल तीन प्रश्न विचारले, यंत्राबद्दल एकही नाही.

20 ऑक्टोबर, रविवार

दोन्ही थांबे मिळून सव्वासात मिनिटं. चर्चिलची भेट कापली. तळ्यावर बर्फ झाल्यावर स्केटिंग करणाऱ्या मुली ठेवल्या.

27 ऑक्टोबर, रविवार

घड्याळं आज मागे गेली. पाच वाजता अंधार. बाबांना घेऊन बसले आणि थांबा 5 लिहायला घेतला.

1946मध्ये कोडवाले लंडनजवळ ईस्टकोटला गेले. यंत्रं मोडली, कागद जाळले, माणसांना बोलायची बंदी. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत इथे काय घडलं हे जगाला कळलंच नाही. मग मधल्या काळात वाडा काय होता? गावाच्या दृष्टीने एक शाळा होती. खरोखरीची. चाळीसच्या दशकाच्या शेवटी शिक्षिका तयार करणारं महाविद्यालय आलं. जीपीओ, म्हणजे पोस्ट आणि टेलिफोन खातं, आपल्या माणसांना इथे शिकवू लागलं. विमानवाहतूक नियंत्रणाचं शिक्षण इथे चालायचं. कोडवाल्या खात्याचेही वर्ग 1987पर्यंत इथे होते. म्हणजे युद्धातली सहा-सात वर्षं नावापुरती शाळा, आणि नंतरची चाळीसेक वर्षं साध्यासुध्या शाळा, फळा-खडू, कॅन्टीनचा चहा, परीक्षा.

बाबांना मी विचारलं, टेलिफोनच्या ट्रेनिंगमध्ये नक्की काय असतं? एवढं विचारायचा अवकाश. ते जबलपूरला होते, खात्याच्या ट्रेनिंग सेंटरला. स्ट्रोजर एक्स्चेंज कसं टकटक करत पायरी-पायरीने वर चढतं, मग फिरतं. रिलेचे संपर्क साफ कसे करायचे. केबलीचा जॉइंट बांधताना रंगांचा क्रम कसा पाठ करायचा. मेसचं जेवण. जबलपूरची थंडी. चाळीस मिनिटं बोलले. मी फोनवर रेकॉर्ड केलं, त्यांना न सांगता. (नंतर सांगितलं.)

मधेच ते म्हणाले, "तो युद्धातला इथला मोठा संगणक, संदेश फोडायचा, तो काय म्हणतात, कोलोसस, तो कुणी बांधला?" टॉमी फ्लॉवर्सने, म्हटलं, डॉलिस हिलच्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रातला इंजिनिअर. पहिल्या यंत्रात दीड हजाराच्या वर व्हॉल्व्ह, बाकी रिले, सिलेक्टर, सगळं एक्स्चेंजमधलं सामान. बाबा गप्प झाले, मग हसले. "म्हणजे आमचंच स्टोअर."

ते वाक्य थांबा 5मध्ये जसंच्या तसं त्यांच्या आवाजात घेणार आहे.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

फराळाला सहा घरं जमली होती, तेव्हा कच्चं ऐकवलं. प्रतिक्रिया:

एक काका: "युद्ध फारच थोडं आहे." अपेक्षित.

एक ताई: "थांबा 5 जरा रटाळ नाही का? शाळा, ट्रेनिंग, शाळा." 

आणि सगळ्यांचा एकच: "भारताचा काही संबंध?"

पहिल्याला मी ऐकणार नाही. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण घालावं की नाही हे ठरत नव्हतं. ब्लेचलीची एक मोठी शाखा दिल्लीला होती, वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर. नाव असं की कुणी दुसऱ्यांदा विचारू नये. जपानी सैन्याचे संदेश पकडून उलगडायचं काम. आणि ते भरायचं कुठे, तर आनंद पर्बतच्या टेकडीवर, रामजस कॉलेजच्या इमारतींत. तिकडे कॉलेज होतं त्याचं हेरांचं ठाणं झालं, इकडे ठाणं होतं त्याचं कॉलेज झालं. हे लिहून बघितल्यावर लक्षात आलं की ते थांबा 5च्या सुरुवातीलाच बसतंय. चाळीस सेकंद. ताईंच्या रटाळपणावरही थोडा उतारा.

बाकी रटाळपणाबद्दल मी अजून विचार करतेय.

7 नोव्हेंबर, गुरुवार

कामाचा दिवस, पण लिहून ठेवते.

सकाळी बाबांच्या शाळेच्या ग्रुपवर फोटोंची रीघ. आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस. 7 नोव्हेंबर 1900ला डॉ. आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं गेलं, तीच पुढे प्रतापसिंह हायस्कूल. आणि ती शाळा भरायची साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात. शेजारच्या नव्या राजवाड्यात कोर्ट. बाबा तिथेच शिकले. लाकडी खांब, नक्षी, उंच छत, आणि त्या खांबांना टेकून पाढे.

चहा घेताना ते म्हणाले, "आमच्या वेळी कुणी वाडा बघायला येत नसे. आम्ही शाळेत जायचो. पण रोज उघडायचं, झाडायचं, कौल सरकलं तर शिपाई सांगायचा. बंद पडलेल्या वाड्यांचं काय झालं ते बघ गावोगाव."

मला रविवारपासून जे शब्दांत धरता येत नव्हतं ते हेच. फॉक्नर बिल्डर 1938मध्ये थांबला तो हेरांमुळे, हे खरं. पण 1946 ते 1987 या काळात छत कुणी राखलं? त्या काळात इथली युद्धाची गोष्ट गुपित होती, म्हणजे वारसा वगैरे म्हणायला कारणच नव्हतं. वाडा उभा राहिला तो तिथे सोमवारी सकाळी वर्ग असायचा म्हणून. आज आपण आत जातो तेव्हा ग्रंथालयात 1940ची टेबलं मांडलेली असतात, टाइपरायटर, कागद, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं. येणारा प्रत्येक जण तेच बघायला येतो, मीही त्याच रांगेतली. पण चार दशकांचे बाक, फळे, वाहून आणलेल्या खुर्च्या त्या मांडणीत कुठे बसणार?

थांबा 5 कापायचा नाही. उलट तीन मिनिटांचा चार करते. रटाळ तर रटाळ.

11 नोव्हेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकली आणि आई-बाबांना फेनी स्ट्रॅटफर्डला नेलं, तोफा ऐकायला. कामाशी संबंध: ब्राउन विलिस.

त्याने आपल्या आजोबांच्या, मेंदूवाल्या विलिसांच्या, स्मरणार्थ इथलं सेंट मार्टिनचं चर्च बांधवलं. आजोबा लंडनला सेंट मार्टिन्स लेनमध्ये सेंट मार्टिनच्याच दिवशी वारले, म्हणून हे नाव. आणि दर वर्षी त्या दिवशी, 11 नोव्हेंबरला, तोफा उडवायची प्रथा. 'फेनी पॉपर्स' म्हणतात त्यांना. तोफा म्हटल्यावर बाबांनी तोफगाडा मनात आणला होता. प्रत्यक्षात त्या बिअरच्या मगासारख्या दिसतात, कानासकट, प्रत्येकी साडेआठ किलोच्या आसपास. आत बंदुकीची दारू भरायची, वरून वर्तमानपत्राचा कागद ठासायचा, लांब तापलेल्या सळईने बत्ती द्यायची. सहा तोफा, दुपारी बारा, दोन आणि चार.

आई लगेच म्हणाली, "अगं, या तर उखळी!" जत्रेत पालखी निघताना उडवतात त्या उखळी तोफा. मी तीन आठवडे यांना मराठीत काय म्हणायचं म्हणून अडून बसले होते.

पहिल्या बाराला आईने कान झाकले, तिसऱ्यापासून मोजायला लागली. मैदानाला नाव लिऑनचं. विलिसच्या तोफा, लिऑनचं मैदान. विलिसचा वाडा 1793नंतर नाही, तरी त्याच्या तोफा चालूच आहेत. त्या दर वर्षी लागतात, म्हणून कुणीतरी त्या पुसून ठेवतं.

आवाज रेकॉर्ड केला. फोनने सहाही बार 'पार्श्वभूमीचा गोंगाट' म्हणून आपोआप पुसून टाकले. चारच्या फेरीला ती सेटिंग बंद करून पुन्हा घेतले.

16 नोव्हेंबर, शनिवार

थांबा 6, परत हिरवळीवर. वाचलेला वाडा. लवकर उरकतेय कारण इथे तारखाच फार आहेत.

1990च्या आसपास वर्ग संपले, आवार रिकामं पडू लागलं. मालकी सरकारी मालमत्ता खातं आणि बीटी यांच्यात. बीटी म्हणजे जीपीओचंच टेलिफोन अंग, 1981मध्ये वेगळं काढलेलं, 1984मध्ये खासगी झालेलं. (बाबा: "आमचं 2000च्या ऑक्टोबरात बीएसएनएल झालं. जागा तेव्हापासूनच मोजायला लागले होते.") बेत तोच, फॉक्नरचा, पन्नास वर्षांनी: पाडा आणि घरं बांधा.

1991च्या ऑक्टोबरात गावातल्या इतिहास मंडळाने युद्धात काम केलेल्यांना निरोपाच्या समारंभाला बोलावलं. चारशे जण आले. निरोप द्यायला आलेली माणसं बोलायला लागली आणि निरोप राहिला बाजूला. 10 फेब्रुवारी 1992ला मिल्टन कीन्सच्या बरो कौन्सिलने बराचसा भाग संरक्षित केला, तीन दिवसांनी ट्रस्ट स्थापन झाला. 1993पासून लोकांना आत येता येऊ लागलं. पैसा मात्र नव्हता. 2008मध्ये शंभराच्या वर संगणकशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिलं तेव्हा बराकी गळत होत्या, काहींवर निळी ताडपत्री होती. मग लॉटरी निधी आला, आणि 2014मध्ये 80 लाख पौंडांची दुरुस्ती पुरी झाली. उद्घाटनाला केट मिडलटन, जिची आजी इथेच कामाला होती.

आणि 2023च्या 1 आणि 2 नोव्हेंबरला कृत्रिम बुद्धिमत्तेवरची जागतिक परिषद. पाहुण्यांसाठी तेव्हा वाडा लोकांना बंद. कमला हॅरिस, ऋषी सुनक, इलॉन मस्क, भारताचे मंत्रीही होते. म्हणजे पाहुणे, पहारा, जेवणावळी, आणि गावाला बाहेरून बघायची मुभा. 1938ची शिकारपार्टीच, फक्त या वेळी फोटो काढून.

आज सगळे सहा थांबे जागेवर उभं राहून ऐकले. अडचणी: थांबा 3ला मागे पानं उडवायचं यंत्र. थांबा 4ला शाळेची सहल, पन्नास मुलं, सगळ्यांनी एकाच वेळी सँडविच काढले. थांबा 5ला बाबांचा आवाज यंत्रातून येत होता आणि बाबा शेजारीच उभे राहून स्वतःला दुरुस्त करत होते: "सतरा नाही, अठरा आठवडे होतं ट्रेनिंग." पुन्हा घ्यावं लागणार.

तिथून निघताना ते एका विटांच्या इमारतीशी थांबले, भिंतीतून बाहेर आलेल्या, वापरात नसलेल्या केबलीच्या तोंडाशी. बोटाने चाचपून म्हणाले, "शिसं. नीट बंद केलंय." कुठल्या साली, कुणी, हे विचारायला कुणी नव्हतं.

17 नोव्हेंबर, रविवार

एकूण एकवीस मिनिटं दहा सेकंद. दहा सेकंद सोडून देते.

बाकी कामं: थांबा 5मध्ये अठरा आठवडे. थांबा 1च्या शेवटी उखळीचे बार, आवाज कमी करून, म्हाताऱ्या माणसांच्या कानात एकदम फुटू नयेत. भावाने 'विलिस'चा उच्चार तपासायचाय. आणि थांबा 3ला 58 एकर म्हटल्यावर आईने विचारलं होतं, "गुंठ्यात किती?" दोन हजार तीनशेवीस. तेही घालते.